दुसऱ्या ब्रेकवरचा पाय

सरांनी लिहिणं सोडलं, हे त्यांनी मला सांगितलं नाही. एकदा भेटल्यावर मी नेहमीसारखं विचारलं, "काय मग सर, नवीन काही?" सरांनी गाडीचा आरसा उगाचच नीट केला. म्हणाले, "क्लच जरा जड लागतोय." तेवढ्यावरून काय ते कळलं.

सर म्हणजे मला गाडी शिकवणारे सर. त्यांच्या मोटार ट्रेनिंग स्कूलचे मालक तेच, मास्तर तेच आणि सकाळी बादली घेऊन गाडी धुणारेही तेच. स्कूल म्हणजे रस्त्यालगतचा एक अरुंद गाळा. आत टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता. कोपऱ्यात एक जुना गिअरबॉक्स उघडून ठेवलेला होता, शिकणाऱ्यांना आतली रचना दाखवायला. तो बघायला कधी कुणी मागितला नाही. सर त्यावर हेल्मेट ठेवत.

गाडीला दोन ब्रेक होते. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, एक सरांच्या. शिकवणी संपली की सर शाबासकी देत नसत आणि रागावतही नसत. गाडीतून उतरताना फक्त सांगत, "आज पाय लागला," किंवा "आज पाय लागला नाही." म्हणजे त्यांना त्यांचा ब्रेक दाबावा लागला की नाही, एवढंच. पण त्या एका वाक्यासाठी भलीभली माणसं गाडीचं दार धरून ताटकळत. एक दातांचे डॉक्टर होते. त्यांना ज्या दिवशी "नाही" ऐकायला मिळालं, त्या दिवशी ते दवाखाना उघडायचा सोडून आधी घरी गेले, बायकोला सांगायला.

माझी पहिल्याच आठवड्यात फजिती झाली.

"साहित्य शिकलीस म्हणजे नेमकं काय शिकलीस?" सरांनी विचारलं.

"वाचायला."

"मग समोरची पाटी वाच. काय लिहिलंय?"

"प्रवेश बंद."

"आणि आपण कुठे चाललोय, प्रोफेसर?"

तेव्हापासून मी प्रोफेसर झाले. खरं तर मी पुस्तकांच्या दुकानात काउंटरवर बसते. दुकान सरांच्या गाळ्यापासून जवळ आहे. लायसन्स मिळालं तरी मी दुपारच्या सुट्टीत त्यांच्या गाडीत जाऊन बसायचे. दोन विद्यार्थ्यांच्या मधल्या वेळेत सर एका झाडाखाली गाडी लावायचे आणि मोबाइलवर लिहायचे.

शहरातल्या बातम्यांची एक वेबसाइट होती. वेगवेगळ्या कामधंद्यातल्या माणसांनी आपले अनुभव लिहावेत, असं एक सदर त्यांनी सुरू केलं होतं. सरांच्या एका विद्यार्थिनीने त्यांचं नाव तिथे सुचवलं. सरांनी सदराला नाव दिलं, 'दुसरा ब्रेक'. वेबसाइटवर लेखकांसाठी एक चौकट असायची. सर थेट त्या चौकटीतच लिहीत. वेगळी प्रत ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. लिहून झालं की मला वाचून दाखवत आणि मग बटण दाबत.

ते चांगलं लिहायचे. मी साहित्य शिकले म्हणून सांगत नाही. वळणावर डोळे मिटणाऱ्या बाई, गाडी बंद पडली की गाडीचीच माफी मागणारा एक कारकून, शेजारी बायको बसली की हमखास गिअर विसरणारे एक निवृत्त हवालदार. सर त्यांची थट्टा करत, पण हसणारा माणूस त्या माणसाच्या बाजूनेच हसे.

लेख प्रसिद्ध झाला की त्याचे हाल सुरू होत. सकाळी एक मथळा असे, दुपारी दुसरा. संध्याकाळपर्यंत मधला एखादा परिच्छेद गायब. एकदा 'हवालदार आणि तिसरा गिअर' या लेखाचं दुपारी 'गाडी शिकताना होणाऱ्या सात चुका, पाचवी वाचून थक्क व्हाल' असं झालं. लेखात चूक एकच होती. बाकीच्या सहा कुणीतरी घातल्या होत्या. वर गोऱ्यापान, भुऱ्या केसांच्या एका बाईचा फोटो. तिचे दोन्ही हात हवेत होते.

"स्टिअरिंग कोण धरतंय?" सर म्हणाले.

तेव्हा आम्ही हसायचो. सर मोबाइल पुढे करून सांगायचे, "बघ प्रोफेसर, आमचं बाळ कपडे बदलून आलं." मी म्हणायचे, तक्रार करा. ते म्हणायचे, "जाऊ दे. गाडी आपली, रस्ता त्यांचा."

मग ताईंचा लेख आला.

ताई म्हणजे सरांची थोरली बहीण. आई लवकर गेल्यावर तिनेच त्यांना वाढवलं. सर पन्नाशीचे, केस पिकलेले, पण ताईंच्या तोंडी ते अजून बाळ्याच होते. ताईंचे यजमान वारले, त्यानंतर त्यांची गाडी इमारतीखाली नुसती उभी होती. टायर बसत चालले होते. मुलगा म्हणाला, विकून टाकू. ताई म्हणाल्या, "विकायची नाही. मी चालवणार."

शिकवायला अर्थातच सर. त्या शिकवण्यांना मी कधीमधी मागच्या सीटवर असायचे. तसली करमणूक दुसरीकडे नव्हती.

"ताई, क्लच हळू सोड."

"हळूच सोडतेय."

"हळू म्हणजे हळू गं!"

"ओरडू नकोस. लहान आहेस माझ्यापेक्षा."

ताई परीक्षेला बसल्या आणि नापास झाल्या. गाडी मागे घेताना डावीकडचा खांब लागला. पुन्हा बसल्या. पुन्हा तोच खांब. दुसऱ्यांदा नापास झाल्यावर परतताना त्यांनीच गाडी चालवली, सरांची. फाटकाशी गाडी उभी केली, किल्ली सरांच्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "बास झालं." त्यानंतर त्या शिकवणीला आल्या नाहीत. शिकाऊ परवान्याची मुदत महिनाअखेरीला संपत होती. ती संपली की सगळं पहिल्यापासून. आणि पहिल्यापासून ताई करणार नाहीत, हे सर ओळखून होते.

त्या परतीच्या वाटेवर एक गोष्ट घडली होती. ती फक्त सरांना माहीत होती; मी त्या दिवशी गाडीत नव्हते, मला ती सरांनी नंतर झाडाखाली सांगितली.

पुलावर गर्दी होती. बस आडवी येत होती, दुचाक्या दोन्ही बाजूंनी घुसत होत्या. ताई समोर बघत होत्या. रडत नव्हत्या. आणि त्या फार सुंदर गाडी चालवत होत्या. आता कुणाला दाखवायचं राहिलं नव्हतं म्हणून असेल. सरांच्या लक्षात आलं की आपला पाय ब्रेकवर नुसता पडून आहे. त्यांनी तो उचलला. मग दुसराही उचलला. चपला खाली ठेवल्या आणि सीटवर चक्क मांडी घातली. घराच्या फाटकापर्यंत ते तसेच बसून होते. इतक्या वर्षांत कुठल्याही विद्यार्थ्याच्या शेजारी ते असे बसले नव्हते.

ताईंना हे ठाऊक नव्हतं. त्यांची नजर रस्त्यावर होती.

"मग सांगा ना त्यांना," मी म्हटलं.

"तोंडावर सांगितलं तर म्हणेल, धीर द्यायला थापा मारतोय. तिचं एक आहे. छापून आलेलं तिला खरं वाटतं. महिनाअखेरीच्या आत तिला पुन्हा गाडीत बसवायचंय मला."

लेखाच्या शेवटच्या ओळी त्यांनी मला वाचून दाखवल्या. मला त्या पाठ आहेत. 'बहीण परीक्षेत नापास झाली. परतताना पुलावर मी मांडी घालून बसलो होतो. तिने पाहिलं नाही. तिला एवढंच सांगायचंय की पाय लागला नाही, आणि लागणारही नव्हता.'

लेख सकाळी प्रसिद्ध झाला. मी दुकान उघडता उघडता वाचला. जसाच्या तसा होता. सरांनी ताईंना दुवा पाठवला. ताई मोबाइल दुपारी बघत, जेवणं आटोपल्यावर, चष्मा लावून, निवांत. संध्याकाळी त्यांचा सरांना फोन आला. त्या म्हणाल्या, "वाचलं." मग थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग फोन ठेवला.

सर मला सांगायला दुकानात आले. गिऱ्हाईक असताना ते कधी आत येत नसत. त्या दिवशी आले. "वाचलं म्हणाली. पुढे बोलताच येईना तिला." त्यांचा चेहरा मी आधी तसा पाहिला नव्हता. त्यांनी एक पुस्तकही घेतलं, कुठलं ते न बघता.

दोन दिवसांनी सरांचा एक विद्यार्थी गाडीत बसता बसता म्हणाला, "अभिनंदन सर. ताई पास झाल्या ना!"

सरांनी मोबाइल काढला. दुवा तोच होता. नाव त्यांचंच, फोटो त्यांचाच. लेखाचा शेवट मात्र निराळा होता. 'जिद्द असेल तर वय आड येत नाही. माझी बहीण अखेर परीक्षा पास झाली आणि आज ती शहरभर मोठ्या दिमाखात गाडी चालवते.' मांडी नव्हती. पूल नव्हता. वर तीच भुऱ्या केसांची बाई, हात हवेत.

सरांनी संपादकबाईंना फोन लावला. मी शेजारी होते. आवाज तरुण होता, गोड होता. बाई वाईट नव्हत्या.

"सर, लेख खूप चालतोय! पहिल्या दिवशी सकाळी वाचक शेवटपर्यंत येऊन नाराज होत होते. म्हणून दुपारीच शेवट जरा पॉझिटिव्ह केला."

"पण ती नापास झालीय."

"अजून पण? सॉरी सर. मला वाटलं, एव्हाना झाल्या असतील."

"आणि माझी मांडी कुठे गेली?"

"ती वकिलांनी काढायला सांगितली. शिकवणारा ब्रेकवर पाय ठेवत नाही, असं तुम्हीच लिहिलंय. उद्या कुणी तक्रार केली तर तुमची शाळा बंद होईल. तुमच्याच काळजीने काढलं, सर."

"म्हणजे खोटं घातलंत, पण खरं होतं ते परत घालणार नाही?"

"खरं कायद्यात बसत नाही ना, सर. पण चुकीची दुरुस्ती आम्ही नक्की टाकू. आमचा नियमच आहे तो. टाकू ना?"

"टाका," सर म्हणाले. "लगेच टाका."

दुरुस्ती म्हणजे चुकीचं वाक्य पुसून टाकणं, अशी त्यांची समजूत. माझीही तीच होती. त्या लोकांची दुरुस्ती तशी नसते. ती लेखाच्या डोक्यावर येते, तिरप्या अक्षरांत, कुणाच्या नजरेतून सुटू नये अशी. 'या लेखाच्या आधीच्या आवृत्तीत लेखकाची बहीण वाहन परीक्षेत उत्तीर्ण झाल्याचे म्हटले होते. प्रत्यक्षात त्या अनुत्तीर्ण झाल्या आहेत. चुकीबद्दल दिलगीर आहोत.' आता लेख उघडणाऱ्याला सगळ्यात आधी हेच दिसायचं.

ताई सरांचा फोन उचलेनात. रविवारी सर मला घेऊन त्यांच्या घरी गेले. सकाळचा मूळ लेख वाचलेली ओळखीची अशी मी एकटीच होते.

दार ताईंनीच उघडलं. "ये बाळ्या. साक्षीदार घेऊन आलायस?"

आम्ही बसलो. सूनबाईंनी पाणी आणून दिलं आणि त्या चटकन आत गेल्या. खिडकीतून खाली उभी असलेली गाडी दिसत होती. तिच्यावरचं कापड नुकतंच धुतलेलं होतं.

"ताई, मी तसं लिहिलंच नव्हतं."

"वर नाव कुणाचं आहे?"

"माझंच."

"फोटो?"

"माझाच. पण लेख आल्यावर त्यांनी..."

"तुझ्या नावाखाली दुसरं कुणी लिहितं?"

"हो."

ताई हसल्या. "लहानपणी फुलदाणी फुटली तेव्हाही असंच होतं. दुसऱ्याच कुणीतरी फोडलेली."

सरही हसले, पण ते हसणं अर्ध्यात राहिलं.

"पास केलंस त्याचं मला एवढं काही नव्हतं," ताई म्हणाल्या. "वाईट वाटलं. म्हटलं, याला माझी लाज वाटली म्हणून लिहिलं. पण ठीक आहे. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरची आली पेढा मागायला. तिला गुडघ्याच्या डॉक्टरकडे जायचं असतं, म्हणाली, सोडाल का मला? मी हो म्हटलं. समोरच्यांनी विचारलं, त्यांनाही हो म्हटलं. नाही कशी म्हणू? माझ्या भावाने चारचौघांत लिहिलंय. त्याला खोटं कसं पाडू? आणि मग तूच वर लिहिलंस, नापास आहे म्हणून. आता खोटारडी कोण ठरली?"

मग सरांनी सांगितलं. पुलाचं. पाय उचलल्याचं. मांडीचं. जे लिहून पोचवायचं होतं ते असं तोंडाने, मान खाली घालून, तुटक तुटक.

"काहीही सांगशील आता," ताई म्हणाल्या.

"शप्पथ."

"मांडी घातली असतीस तर मला दिसलं नसतं?"

"तू रस्त्याकडे बघत होतीस."

"मग? तूच शिकवलंस तसं."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "ताई, मी वाचलंय. सकाळी होतं तसं." आणि मी त्या शेवटच्या ओळी म्हणून दाखवल्या. शब्द न् शब्द.

ताईंनी पूर्ण ऐकलं. डोळे मिटून ऐकलं. 'आणि लागणारही नव्हता' इथे त्यांच्या भुवया किंचित हलल्या. मला वाटलं, पोचलं.

मग त्यांनी डोळे उघडले. "छान आहे," त्या म्हणाल्या. "तू साहित्य शिकलीस ना गं?"

"हो."

"वाटलंच."

मी त्या खोलीत खरं तेच बोलले होते, आणि ते इतकं बेतीव वाटलं की कुणी घरून लिहून आणावं.

ताईंनी वाईट शब्द काढला नाही. चहा घेऊनच जा म्हणाल्या. चहा घेतला. सरांच्या शर्टाचं बटण तुटलेलं होतं, ते तिथल्या तिथे लावून दिलं. पण सर दारात म्हणाले, "उद्या येतेस का गाडीवर? अजून मुदत आहे," तेव्हा त्यांनी फक्त मान हलवली. आडवी.

महिना संपला. परवाना संपला. वेबसाइटवाल्यांनी सरांच्या विनंतीवरून लेख काढून टाकला, दुरुस्तीसकट. त्याची मदत अशी झाली की आता दाखवायला काहीच उरलं नाही, खोटंही नाही. संपादकबाईंनी पुढच्या लेखाची आठवण करायला दोनदा फोन केला. सर म्हणाले, वेळ होत नाही. झाडाखाली गाडी अजून लागते. सर सीट मागे करतात आणि डोळे मिटून पडतात.

ताईंची गाडी विकली गेली. घेणारा शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत होता. गाडी पोचवून यायची होती. सर म्हणाले, "प्रोफेसर, तू चालव." स्वतः का नाही, ते त्यांनी सांगितलं नाही.

ताई खाली आल्या होत्या. त्यांनी पुढच्या खणातून यजमानांचा काळा चष्मा काढून घेतला. आरशाला लावलेलं एक वाळकं फूल काढलं. गाडीकडे नीट पाहिलं, जसं कुणी बाहेरगावी जाणाऱ्या माणसाचा शर्ट नीट आहे ना ते बघतं. मी गाडी सुरू केली आणि मागे घेऊ लागले, तेव्हा त्या एकदम पुढे झाल्या.

"पोरी, डावीकडचा खांब सांभाळ. स्टिअरिंग आत्ताच नको फिरवूस. आरशात फाटक दिसेपर्यंत थांब. हं. आता पूर्ण फिरव."

मी फिरवलं. गाडी अलगद बाहेर आली. त्यांनी अगदी बरोबर सांगितलं होतं. सर समोर बघत होते. ताई वळून जिन्याकडे निघाल्या.

ताईंच्या गाडीला दुसरा ब्रेक नव्हता. ती साधी घरची गाडी होती. मला लायसन्स मिळून बराच काळ झाला होता आणि रस्ताही ओळखीचा होता. पुलावर गर्दी लागली. बस आडवी आली. मी वेळेत वेग कमी केला. शेजारून आवाज आला. सरांचा पाय पायाखालच्या रबरी चटईवर दाबला गेला होता. पुढची दुचाकी घुसली तेव्हा पुन्हा. मग पुन्हा. पूल संपेपर्यंत ते तिथे नसलेला ब्रेक दाबत राहिले.

मला तो पाय दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता. मी रस्त्याकडे बघत होते.